वाचकांचे प्रश्न : कॅरिबूंच्या वाटा आणि जमिनीचे आराखडे

गेल्या अंकात कॅनडाच्या उत्तरेकडील कॅरिबूंचे, म्हणजे तेथील रानटी रेनडिअर हरणांचे, कळप कसे आटत चालले आहेत, याविषयी लिहिले होते. या प्राण्याचे भवितव्य बंदुकीपेक्षा नकाशावर अधिक ठरणार आहे, असे विधान त्या लेखाच्या अखेरीस केले होते. त्यावर वाचकांची बरीच पत्रे आली. काहींना ते विधान पटले नाही, काहींना ते नीट समजून घ्यायचे आहे. त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : नुनावुत हा प्रदेश सुमारे २० लाख चौरस किलोमीटरचा आणि तेथील लोकसंख्या जेमतेम ४० हजार, असे आपणच लिहिले होते. एवढ्या मोकळ्या मुलखात दोन-चार खाणी निघाल्या, तर कॅरिबूंचे असे काय अडते?

उत्तर : मुलूख मोकळा आहे हे खरे, पण कॅरिबूला तो सगळा सारख्याच उपयोगाचा नसतो. टुंड्रातला कळप हिवाळ्यात बहुधा दक्षिणेकडे, स्प्रूसच्या विरळ जंगलात असतो. तेथे बर्फ खुरांनी उकरून त्याखालचे लायकेन, म्हणजे दगडफुलाच्या कुळातली वाढ, तो खातो. वसंतात गाभण माद्या आधी निघतात आणि उत्तरेला विण्याच्या जागेकडे चालू लागतात, नर मागाहून रेंगाळत येतात. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात बहुतेक माद्या थोड्याच दिवसांच्या अंतराने, एकाच परिसरात वितात. लांडग्यांची बिळे बरीचशी झाडांच्या सीमेजवळ असल्यामुळे या उघड्या माळावर लांडगे कमी असतात, आणि हजारो पाडसे एकाच वेळी जन्मल्यामुळे जे शिकारी तेथे पोहोचतात त्यांनाही त्यांतली थोडीच मिळतात. पाडस जन्मल्यावर तासाभरात उभे राहते आणि एक-दोन दिवसांत आईच्या बरोबरीने चालू लागते. मात्र पहिल्या काही आठवड्यांत आईला पोटभर आणि निर्धास्त चरता आले नाही, तर तिचे दूध कमी पडते आणि त्याची भरपाई पुढे होत नाही.

पुढे जुलैत डासांचे आणि माश्यांचे थवे उठतात. तेव्हा वारा असलेल्या टेकड्या, समुद्रकाठ आणि उन्हाळ्यातही न वितळलेले बर्फाचे पट्टे याच जागा जनावरांना जगवतात. त्यानंतर येतात नद्यांचे उतार, म्हणजे नदी ओलांडण्याच्या जागा. कॅरिबूचा केस आतून पोकळ असल्यामुळे त्याचे अंग पाण्यावर तरंगते आणि रुंद नदीही तो सहज पोहून जातो, तरी पिढ्यान्पिढ्या कळप नेमक्या त्याच ठिकाणी पाण्यात उतरतात. अशा उताराजवळची माती पाहावी. खुरांनी कोरलेल्या अरुंद वाटा शेजारी शेजारी, नांगरटीच्या तासांसारख्या, पाण्यापर्यंत गेलेल्या दिसतात. कळप जवळून जाऊ लागला की खुरांजवळच्या शिरांचा टकटक असा आवाज येतो. एका जनावराचा तो जेमतेम ऐकू येतो, हजारांचा मात्र गारा पडू लागल्यासारखा वाटतो.

सांगायचे ते एवढेच, की २० लाख चौरस किलोमीटरांत ज्यांच्यावाचून कळपाचे चालत नाही अशा जागा थोड्या आहेत आणि त्यांना पर्याय नाही. शिवाय खाणीचा परिणाम तिच्या कुंपणापाशी थांबत नाही. नुनावुतशेजारच्या वायव्य प्रदेशांतील (नॉर्थवेस्ट टेरिटरीज) लाक द ग्रा या सरोवराकाठच्या हिऱ्यांच्या खाणींभोवती सुमारे १४ किलोमीटरपर्यंत कॅरिबूंचा वावर अपेक्षेपेक्षा कमी असल्याचे अभ्यासकांनी दाखवले आहे. १४ किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले, तर एका खाणीमागे ६०० चौरस किलोमीटरांहून अधिक जमीन कमी प्रतीची होते. त्यात रस्ते, विमानाच्या धावपट्ट्या आणि खनिजशोधाचे तळ मिळवले, म्हणजे मोकळा दिसणारा नकाशा भराभर भरत जातो.

प्रश्न : कळप घटण्याचे खापर खाणींवर फोडणे योग्य आहे काय? हे चढउतार निसर्गतःच होतात, असेही वाचले आहे.

उत्तर : आपण वाचले ते बरोबर आहे आणि खापर एकट्या खाणींवर फोडता येणार नाही. याच हिऱ्यांच्या खाणींच्या परिसरातील बाथर्स्ट कळपाचेच पाहा. १९८६ मध्ये त्यात सुमारे ४ लाख ७० हजार जनावरे होती, २०२१ मध्ये ती ६ हजार २०० च्या आसपास उरली. त्या परिसरातील हिऱ्यांची पहिली खाण १९९८ मध्ये सुरू झाली आणि कळपाची उतरंड त्याआधीच लागली होती. इनुइट आणि देने या तेथील मूळ रहिवाशांतल्या वृद्धांच्या सांगण्यातही कॅरिबू भरपूर असण्याचे आणि दिसेनासे होण्याचे काळ एकामागून एक येतात. याला झाडांचीही साक्ष आहे. काळ्या स्प्रूसची मुळे वाटेवर उघडी पडलेली असतात, त्यांवर खुरांचे घाव बसतात. त्या घावांची वर्षे वलयांवरून मोजून संशोधकांनी बाथर्स्ट कळपाच्या शंभरेक वर्षांतल्या वाढीघटीचा अंदाज बांधला, तेव्हा तोही या आठवणींच्या जवळ जाणारा निघाला.

परंतु याचा अर्थ बेफिकीर राहावे असा होत नाही. पूर्वी कळप तळाला गेला, तेव्हा त्याच्या विण्याच्या जागा आणि वाटा शाबूत होत्या, म्हणून तो पुन्हा वाढू शकला. आज तो तळाला गेला आहे आणि त्याच वेळी ऋतू बदलत आहेत, हिवाळी जंगलांना मोठे वणवे लागत आहेत. जळालेले लायकेन पुन्हा चरण्याजोगे होण्यास अनेक दशके लागतात. हवामान आणि वणवे कोणत्याही स्थानिक मंडळाच्या हाती नाहीत. जमिनीचा वापर मात्र माणसाच्या हाती आहे, आणि जे हाती आहे ते कळपाच्या पडत्या काळात अधिक काटेकोरपणे राखले पाहिजे, असे माझे मत आहे.

प्रश्न : मग सरळ शिकारबंदी का करत नाहीत?

उत्तर : बाथर्स्ट कळपापुरती ती झालेली आहे. वायव्य प्रदेशांत २०१० पासून त्या कळपाच्या शिकारीवर कठोर निर्बंध आले आणि पुढे गळ्यात उपग्रहपट्टे बांधलेल्या जनावरांचा ठावठिकाणा पाहून दर आठवड्याला सरकणारे शिकारबंदी क्षेत्र आखले जाऊ लागले. ज्या कुटुंबांचे अन्न, हिवाळी कपडे आणि मुलांना देण्याचे शिक्षण या एका प्राण्याभोवती गुंफलेले आहे, त्यांनी हा त्याग केला आहे. शिकाऱ्याला थांबवायचे आणि त्याच जमिनीवर यंत्राला परवानगी द्यायची, हे मला न्याय्य वाटत नाही.

प्रश्न : भूवापराचा आराखडा आणि प्रकल्पाची पर्यावरणीय तपासणी यांत फरक काय? तपासणी असताना वेगळ्या आराखड्याची गरज काय?

उत्तर : फरक मुख्यतः वेळेचा आणि प्रश्नाच्या स्वरूपाचा आहे. तपासणीत एका कंपनीचा एक प्रकल्प समोर असतो आणि ‘याचे दुष्परिणाम कमी कसे करता येतील’ एवढेच विचारले जाते. तोवर कंपनीने अनेक वर्षे आणि मोठी रक्कम खनिजशोधावर खर्च केलेली असते, गावात नोकऱ्यांची आशा निर्माण झालेली असते आणि नकार देणे प्रत्येकालाच अवघड झालेले असते. नकार दिला जातच नाही असे नाही. नुनावुतमधील बेकर लेक या गावाजवळच्या किग्गाविक युरेनियम प्रकल्पाला नुनावुतच्या तपासणी मंडळाने २०१५ मध्ये प्रतिकूल शिफारस केली आणि पुढच्या वर्षी केंद्रीय मंत्र्यांनी ती मान्य केली. पण असा प्रत्येक लढा गावाला स्वतंत्रपणे आणि वर्षानुवर्षे लढावा लागतो. शिवाय एकेक प्रकल्प वेगळा तपासला की प्रत्येक जण आपला वाटा लहान असल्याचे दाखवू शकतो. सगळ्यांची बेरीज कोणाच्याच कागदावर येत नाही.

आराखडा ‘या जमिनीवर काय होऊ द्यायचे’ हे कोणी अर्ज करण्याच्या आधी ठरवतो. १९९३ च्या नुनावुत करारातील ११ व्या कलमाने ही जबाबदारी नुनावुत नियोजन आयोगाकडे दिली आहे. आयोगाने मांडलेल्या आराखड्यात जमिनीचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत : जेथे ठरावीक उद्योगांना मुळातच मनाई आहे ती मर्यादित वापराची जमीन, जेथे विशिष्ट ऋतूत किंवा विशिष्ट अटींवर काम करता येते ती सशर्त वापराची जमीन, आणि जेथे बहुतेक कामांना मुभा आहे ती मिश्र वापराची जमीन. नवा प्रस्ताव आला की तो आधी आराखड्याशी जुळतो का ते पाहायचे आणि मगच तपासणीकडे जायचे, अशी ही व्यवस्था आहे. कंपनीलाही यात तोटा नाही, कारण कोठे पैसा घालू नये हे तिला आधीच कळते.

या कामाला किती काळ लागतो, हेही सांगितले पाहिजे. कीवॅटिन आणि उत्तर बॅफिन या दोन विभागांचे आराखडे २००० मध्ये मंजूर झाले. संपूर्ण नुनावुतसाठीचे मसुदे २०१२, २०१४, २०१६ आणि २०२१ मध्ये आले आणि शिफारस केलेला आराखडा २०२३ मध्ये मंजुरीसाठी पुढे गेला. मंजुरी तिघांची लागते : कॅनडा सरकार, नुनावुत सरकार आणि इनुइट लोकांची प्रतिनिधी संस्था नुनावुत टुंगाविक. तिघांपैकी एकालाही वगळून आराखडा लागू होत नाही. दरम्यान खनिजशोधाचे हक्क देणे थांबलेले नसते, आणि एकदा दिलेला हक्क पुढच्या आराखड्याला बहुधा मान्य करावा लागतो. म्हणून उशीर हा येथे तटस्थ नसतो. प्रत्येक वर्षाच्या उशिराने राखण्याजोगी जमीन थोडी कमी होते.

प्रश्न : कॅरिबू एका जागी वर्षातून काही आठवडेच असतात. मग ते आले की काम थांबवावे आणि गेले की सुरू करावे, हा मध्यम मार्ग का नको?

उत्तर : सर्वांत अधिक पत्रे याच प्रश्नाची आहेत आणि वरवर पाहता हा मार्ग शहाणपणाचा दिसतो, म्हणून याचे उत्तर विस्ताराने देतो. या उपायांना ‘फिरते संरक्षण’ म्हणता येईल. त्यांची सुरुवात १९७८ मध्ये बेकर लेकच्या परिसरात झाली. तेथे युरेनियमचा शोध चालू होता, हेलिकॉप्टरे फिरत होती आणि कॅरिबू वाट बदलत असल्याचे इनुइट शिकारी सांगत होते. गावाने न्यायालयात धाव घेतली. १९७९ च्या निकालाने त्या भूमीवरील इनुइटांचा शिकारीचा आणि मासेमारीचा पारंपरिक हक्क मान्य केला, पण खनिजशोध थांबवला नाही. त्या काळात सरकारने कॅरिबू संरक्षणाचे नियम लागू केले. त्यांनुसार १५ मे ते १५ जुलै या काळात विण्याच्या आणि त्यानंतरच्या क्षेत्रांत काम बंद ठेवायचे, आणि जनावरे तेथे नसल्याची खात्री झाली तर सूट द्यायची. चार दशकांपूर्वीच्या मानाने ते पुढचे पाऊल होते, याबद्दल शंका नाही.

अडचण अशी, की फिरते संरक्षण तंबू आणि ड्रिल यांना लागू पडते, खाणीला पडत नाही. ड्रिल बंद करून माणसे दोन महिने परत पाठवता येतात. उघडी खाण, गाळाचे तळे, इंधनाच्या टाक्या आणि बारमाही रस्ता यांना कोठेही पाठवता येत नाही. इंजिन बंद केले तरी रस्त्याचा भराव तेथेच राहतो आणि आधी उडालेली धूळ दोन्ही बाजूंच्या लायकेनवर बसलेलीच असते. अलास्कात रेड डॉग खाणीच्या रस्त्याजवळ उपग्रहपट्टे बांधलेल्या माद्यांचा माग काढला, तेव्हा त्यांतल्या काही रस्त्यापाशी येऊन अडल्या आणि तो ओलांडायला त्यांना सरासरी महिनाभर लागला, असे आढळले. त्या रस्त्यावर कुंपण नाही आणि वाहतूक आपल्या हमरस्त्यांच्या मानाने विरळ आहे. अलास्काच्याच उत्तर किनाऱ्यावरील तेलक्षेत्रांत, पाडसे बरोबर असलेल्या माद्या रस्त्यापासून ४ किलोमीटरपर्यंतचा पट्टा टाळतात, हे १९८०-९० च्या काळापासून नोंदलेले आहे. नर त्या मानाने धीट असतात. एखाद्या प्रकल्पाच्या माहितीपत्रकात खाणीच्या पायथ्याशी निवांत चरणारा कॅरिबू दिसला, तर तो नर आहे की पाडसवाली मादी, हे आधी पाहावे.

दुसरी अडचण पाहण्याची आहे. कळप जवळ आला हे कोणी ठरवायचे? पट्टे हजारोंतल्या काही मोजक्या जनावरांच्या गळ्यात असतात, धुक्यात दूरचे दिसत नाही, आणि काम थांबवण्याचा निर्णय ज्याने घ्यायचा त्याच्यावर काम चालू ठेवण्याचेही दडपण असते. हे मी कोणाच्या प्रामाणिकपणावर शंका घेऊन म्हणत नाही. बेकर लेकपासून सोन्याच्या खाणीकडे जाणारा ११० किलोमीटरचा रस्ता स्थलांतराच्या काळात वाहतुकीला बंद ठेवला जातो, आणि तसे करणे योग्यच आहे. परंतु तो रस्ता कळपांच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर आहे, विण्याच्या जागेवर नाही. वाटेवरच्या जनावराला थांबून, वळून, उशिरा का होईना पुढे जाता येते. नुकत्याच व्यालेल्या मादीला तेवढीही सोय नसते.

याच कारणाने माझा कल स्पष्ट आहे. विण्याच्या जागा, विल्यानंतर माद्या-पाडसे एकत्र येतात ते माळ आणि नदीचे मुख्य उतार येथे खनिजशोधालाही मनाई हवी. कारण जेथे खाण कधीच होऊ द्यायची नाही, तेथे शोध घेऊ देणे ही कंपनीचीही फसवणूक आहे. उरलेल्या वाटांवर आणि हिवाळी कुरणांत फिरते संरक्षण अवश्य वापरावे. बेव्हर्ली आणि कामानिर्जुआक या कळपांसाठी १९८२ मध्ये स्थापन झालेल्या सल्लागार मंडळानेही विण्याच्या क्षेत्रांना पूर्ण संरक्षण मिळावे, अशीच भूमिका घेतली आहे.

प्रश्न : कळप विण्याची जागा बदलतात, असे म्हणतात. मग आज आखलेली रेषा उद्या निरुपयोगी ठरणार नाही काय?

उत्तर : काही कळप बदलतात. बाथर्स्ट कळप पूर्वी बाथर्स्ट खाडीच्या पूर्वेला वीत असे, १९९० च्या दशकात तो पश्चिमेला सरकला. कामानिर्जुआक कळप मात्र त्याच नावाच्या सरोवराभोवती दीर्घकाळ टिकून आहे. त्यामुळे केवळ गेल्या पाच-सात वर्षांच्या उपग्रहनोंदी घेऊन रेषा आखली, तर ती फार आखूड पडते, विशेषतः कळप लहान झालेला असताना, कारण लहान कळपाला थोडीच जागा पुरते आणि वाढलेल्या कळपाला ती पुरणार नसते. जुन्या सर्वेक्षणांतल्या आणि शिकाऱ्यांच्या स्मरणातल्या सर्व जागा एकत्र करून, त्यांच्या बाहेरच्या कडेवरून रेषा काढावी आणि दर काही वर्षांनी ती तपासावी, हाच सुज्ञ मार्ग दिसतो.

याखेरीज एकूण किती जमीन दुखावली जाऊ द्यायची, याची मर्यादाही आराखड्यात घालता येते. कॅनडाच्याच यूकॉन प्रदेशाच्या उत्तर भागाच्या २००९ च्या आराखड्यात प्रत्येक विभागासाठी रस्ते आणि कापलेल्या पट्ट्यांची लांबी व उकरलेली जमीन यांच्या पातळ्या ठरवून दिल्या आहेत, आणि बाथर्स्ट कळपाच्या २०१९ च्या क्षेत्र-आराखड्यातही हीच पद्धत आहे. दक्षिणेच्या घनदाट जंगलात राहणाऱ्या कॅरिबूंसाठी कॅनडाने २०१२ मध्ये किमान ६५ टक्के क्षेत्र अबाधित ठेवण्याचा निकष घातला. तो पाळूनही कळप आपल्या बळावर टिकण्याची शक्यता ६० टक्केच धरलेली आहे, ही गोष्ट त्या आकड्याबरोबर नेहमी सांगितली जावी.

प्रश्न : स्थानिक लोकांना रोजगार नको आहे काय? बाहेरच्यांनी त्यांना कॅरिबूंचे महत्त्व शिकवणे बरे दिसत नाही.

उत्तर : बरे दिसत नाही, हे मला मान्य आहे. नुनावुतमध्ये नोकऱ्या थोड्या आहेत, विमानाने येणारे अन्न अतिशय महाग आहे आणि खाणी हा रोजगाराचा मोठा आधार आहे. इनुइटांमध्येच यावर मतभेद आहेत. प्रादेशिक इनुइट संघटनांकडे जमिनीची मालकी आणि खनिजांचे उत्पन्न येते, तर शिकाऱ्यांच्या संघटना विण्याच्या जागा बंद ठेवा असा आग्रह धरतात, आणि अनेकदा दोन्ही बाजूंना एकाच घरातली माणसे असतात. मात्र कॅरिबूच्या वाटेला धक्का लावू नये हा विचार बाहेरून आलेला नाही. काझान नदीच्या काठच्या इनुइटांमध्ये जुना दंडक आहे, की कळपाचे पहिले म्हणजे वाट दाखवणारे कॅरिबू निर्विघ्न पार होऊ द्यावेत, उताराजवळ मुक्काम करू नये, तेथे जनावर सोलू नये आणि हाडे टाकू नयेत. ती जागा १९९५ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. भूवापराचा आराखडा म्हणजे हाच दंडक, शासकीय भाषेत आणि हेलिकॉप्टरलाही लागू होईल अशा शब्दांत लिहिलेला.

प्रश्न : असे नियोजन कोठे यशस्वी झाल्याचे उदाहरण आहे काय?

उत्तर : सर्वांत बोलके उदाहरण पॉर्क्युपाइन कळपाचे आहे. या कळपाची वीण यूकॉन आणि अलास्का यांच्या किनारी मैदानात होते. इनुवियालुइट या इनुइट समूहाशी १९८४ मध्ये झालेल्या करारातून कॅनडाच्या बाजूच्या विण्याच्या जागेवर राष्ट्रीय उद्यान झाले. त्याचे आजचे नाव इव्वाविक, म्हणजे पिलांना जन्म देऊन वाढवण्याची जागा. १९९५ मध्ये दक्षिणेला त्याला लागून वुंतुत उद्यान झाले आणि १९८७ मध्ये कॅनडा व अमेरिका यांच्यात या कळपापुरता करारही झाला. इतर मोठे कळप कोसळत असताना २०१७ मध्ये या कळपाची गणना सुमारे २ लाख १८ हजार भरली. संरक्षणामुळेच हे झाले असे ठामपणे म्हणता येणार नाही, कारण सीमेपलीकडे अलास्कातील किनारी मैदानात तेलासाठी जमीन द्यावी की नाही, हा वाद १९८० पासून चालूच आहे आणि ग्विचिन लोक ज्या जागेला ‘जीवन जेथे सुरू होते ती पवित्र जागा’ म्हणतात, ती बरीचशी त्याच बाजूला आहे.

यूकॉनच्याच पील नदीच्या खोऱ्याचे उदाहरणही पाहण्याजोगे आहे. तेथे नियोजन आयोगाचा आराखडा बाजूला सारून सरकारने स्वतःचा आराखडा पुढे केला. फर्स्ट नेशन्स, म्हणजे तेथील मूळ रहिवाशांचे समाज, न्यायालयात गेले आणि १ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारची कृती कराराशी विसंगत ठरवली. २०१९ मध्ये मंजूर झालेल्या आराखड्याने सुमारे ६७ हजार चौरस किलोमीटरांच्या त्या खोऱ्यापैकी ८३ टक्के जमीन राखली.

प्रश्न : आराखडा जमिनीचा असतो. समुद्रावरून जाणाऱ्या कॅरिबूंचे काय?

उत्तर : हा प्रश्न एका शालेय विद्यार्थ्याचा आहे आणि त्याने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. डॉल्फिन अँड युनियन या कळपाचे कॅरिबू उन्हाळा व्हिक्टोरिया बेटावर काढतात आणि हिवाळ्यासाठी गोठलेल्या समुद्रावरून मुख्य भूमीवर येतात. शरदात ते बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर गोळा होतात आणि बर्फ धरण्याची वाट पाहत किनाऱ्याने येरझारा घालतात. त्यांतले काही पातळ बर्फावर पाऊल टाकून बुडतात. आता समुद्र पूर्वीपेक्षा उशिरा गोठतो, त्यामुळे ही प्रतीक्षा लांबली आहे, आणि त्याच सामुद्रधुनीतून जहाजांची ये-जा वाढत आहे. नुकते धरलेले बर्फ एका जहाजाने फोडले की तेथे पुन्हा पाऊल ठेवण्याजोगा थर होईपर्यंत कळपाला थांबावे लागते, आणि मधल्या काळात किनाऱ्यावरचा चारा संपत जातो. या कळपाच्या दृष्टीने ते बर्फ हीच जमीन आहे. नुनावुतच्या नियोजन आयोगाच्या अखत्यारीत सागरी क्षेत्रही येते, म्हणून बर्फ धरू लागल्यापासून कळप पार होईपर्यंत, आणि वसंतात तो परत बेटावर जाईपर्यंत, या पट्ट्यात बर्फ फोडण्यास मनाई करणे आराखड्याला शक्य आहे. तारखा पंचांगाप्रमाणे पक्क्या न ठेवता किनाऱ्यावरच्या गावांतील शिकाऱ्यांनी बर्फ पाहून त्या दरवर्षी ठरवाव्यात, एवढी एक भर मी त्यात घालीन.